गुरुवारी धुतलेली पेनं

दोन वर्षं मी दर गुरुवारी दुसऱ्या माणसाची पेनं धुतली. माझी स्वतःची दीडशेच्या आसपास आहेत. ती कपाटात तशीच पडून राहिली. सकाळी राऊहून बस पकडायची, इंदुरात तुकोगंजला उतरायचं, डॉक्टरांच्या घराचा जिना चढायचा, बाह्या वर करायच्या आणि बेसिनपाशी उभं राहायचं. तासभर उभं राहिलं की डावा गुडघा बोलायला लागायचा. घरी आलो की बायको माझ्या निळ्या बोटांकडे बघून म्हणायची, "नोकरीत होते तेव्हासुद्धा इतके टाइमावर जात नव्हते तुम्ही." तिचं खरं होतं.

डॉक्टर म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. मी एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो, कालव्यांचे आणि लहान पुलांचे नकाशे काढायचो. पंचेचाळिशीच्या सुमारास नकाशातल्या दोन जवळजवळच्या रेघा मला एकच दिसायला लागल्या, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि चष्म्याचा नंबर लिहायला खिशातून पेन काढलं. शाईचं पेन, आणि त्याची आडवी रेघ बारीक, उभी रेघ जाड येत होती. नंबर काय आला हे विचारायचं सोडून मी विचारलं, "निब घासून घेतली आहे का?"

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्हाला कळतं यातलं?"

"थोडंफार. मी घरी स्वतःच घासतो."

त्यांनी घंटी वाजवून कंपाउंडरला सांगितलं, "पाच मिनट कोणाला आत पाठवू नको." मग टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला. औषधांच्या सॅम्पलांखाली अकरा पेनं होती. बाहेर बाकावर पेशंट डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते, आणि आत आम्ही दोघं एका कागदावर आळीपाळीने आपापली सही करून बघत होतो. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "भिया, रविवारी या. वर अजून आहेत."

इंदुरात भैयाचं भिया होतं, आणि ते सगळ्यांनाच भिया म्हणायचे. मला मात्र तेव्हा वाटलं, मलाच म्हणाले.

तिथून पुढे आमचे रविवार ठरून गेले. जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरायचा, त्यावर आठवड्यात मिळालेली पेनं मांडायची. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, पोहे आणि शेव ठेवून जायच्या. ती प्लेट टॉवेलपासून हातभर लांब ठेवायची आणि पोह्यांचा हात धुतल्याशिवाय पेनाला लावायचा नाही, हा डॉक्टरांचा नियम. तेव्हा इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून अजून पेनं निघायची. कोणाचे आजोबा संस्थानात कारकून होते, कोणाचे पणजोबा फौजेत. सामान आवरायची वेळ आली की खणाच्या तळाशी एखादं पेन सापडायचं, टोपण चिकटलेलं, आतलं रबर सडलेलं. आम्ही ते उघडायचो. मी निब सरळ करायचो, डॉक्टर शाई भरायचे. भरायचे तेही सिरिंजने. एक थेंब इकडेतिकडे पडायचा नाही. डोळ्यात सुई चालवलेला हात होता तो, मी नुसता बघत बसायचो.

एका पेनावरून आमचं बिनसलं होतं. म्हणजे माझं बिनसलं होतं. त्यांना ते कधी कळलं की नाही, मला माहीत नाही.

जुनी इंदूर भागात एका म्हाताऱ्या बाईंकडे एक पेन असल्याचं मला ऑफिसातल्या एकाने सांगितलं. मी गेलो. इबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन, काळ्यात तपकिरी लाटा, लाकडाच्या रेषांसारख्या. निब इतकी मऊ की जरा दाबली की रेघ फुलायची. बाई म्हणाल्या, "मुलगा सोमवारी उज्जैनहून येईल, त्याला विचारून देते." मला राहवेना. घरी येऊन डॉक्टरांना फोन केला आणि अर्धा तास त्या पेनाचं वर्णन केलं. सोमवारी ऑफिस सुटल्यावर बाईंकडे पोचलो तर त्या म्हणाल्या, "दुपारी डॉक्टरसाहेब आले होते, घेऊन गेले. त्यांनी माझा मोतिया काढलाय. त्यांना नाही कसं म्हणू?"

रविवारी ते पेन पांढऱ्या टॉवेलवर होतं. "बघा तर भिया," डॉक्टर खुशीत म्हणाले, "मी म्हटलं, मुलाने कोणा दुसऱ्यालाच देऊन टाकलं तर? हातचं जाऊ नये." मी त्याने माझं नाव लिहिलं. "छान आहे," म्हटलं. आणि पोहे खाल्ले. त्यानंतरही वर्षानुवर्षं दर रविवारी गेलो, हसलो, बोललो. पण ते पेन टॉवेलवर आलं की मी दुसरंच उचलायचो. एकदा मी अदलाबदल करू का म्हणून विचारलं, माझी तीन चांगली पेनं देऊ केली. "नाही यार, हे नाही," इतकंच म्हणाले.

मग ते विसरायला लागले. एका पेशंटचा डाव्या डोळ्याचा नंबर उजवीकडे लिहिला. चष्मा करून आल्यावर चूक कळली, तो बदलून दिला, कोणाचं काही बिघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दवाखान्याला कुलूप लावलं. मला म्हणाले, "भिया, मशीन बिघडून राहिली. लोकांच्या डोळ्यांशी खेळ नको." तोवर मीही रिटायर होऊन राऊला फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. रविवार हळूहळू सुटले. अंतर पडलं हे निमित्त होतं. खरं म्हणजे एकच गोष्ट त्यांनी चारदा विचारली की मला काय करावं सुचायचं नाही, आणि मी जायचं टाळायला लागलो.

एक दिवस वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही एकदा येऊन जाल का? हे सगळ्या पेनांत शाई भरून राहिलेत. मला काही समजून नाही राहिलं."

गेलो तर पलंगावर पेनं, खिडकीत पेनं, फ्रिजमध्ये अंडी ठेवायच्या जागी चार पेनं. चादर निळी, डॉक्टरांचा कुर्ता निळा, भिंतीवर हाताचा निळा पंजा. ते एक पेन घ्यायचे, शाई भरायचे, कागदावर अर्धी ओळ लिहायचे आणि तिथेच विसरून दुसरं उचलायचे. टोपण कशालाच नाही. मे महिना होता. दोन दिवसांत निबा वाळून खडखडीत झालेल्या.

"कपाटाला कुलूप लावून टाका ना," मी म्हटलं.

"लावलं होतं." वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. "दोन दिवस कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. जेवले नाहीत. त्यांचे डॉक्टर म्हणतात, हात गुंतून राहतात तर राहू द्या. मग मी काढून दिली. एक मी धुवायला गेले तर माझ्याच्याने निब मोडली. ती त्यांनी बघितली आणि लहान मुलासारखे रडले, भाऊजी."

मी बाह्या वर केल्या. त्या दिवशी छत्तीस पेनं धुतली. कोमट पाण्यात निब बुडवायची, शाई सुटली की पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग फडक्यावर निब खाली करून ठेवायचं. कपाटातल्या काळ्या आणि पक्क्या शाईच्या बाटल्या मी पिशवीत भरून घरी नेल्या आणि साध्या निळ्या, धुवून निघणाऱ्या शाईच्या दोन तेवढ्या ठेवल्या. निघताना वहिनींना म्हटलं, "मी गुरुवारी येत जाईन." गुरुवार का म्हटलं कोण जाणे. रविवार म्हणवेना.

सुरुवातीला मला वाटायचं, चार-सहा आठवड्यांचं काम आहे. पण पुढच्या गुरुवारी पेनं पुन्हा भरलेली असायची. कधी वीस, कधी चाळीस. मी धुवायचो, पुसायचो, ट्रेमध्ये ओळीने लावायचो, आणि मी जिना उतरेपर्यंत डॉक्टर पहिलं पेन उचलून सिरिंज शोधायला लागलेले असायचे. त्यांचा हात मात्र शेवटपर्यंत साफ चालायचा. नाव विसरले, रस्ता विसरले, मुलीचा फोन आला की कोण बोलतंय ते विसरले. शाई भरताना थेंब सांडायचा नाही. सांडायची ती नंतर, उघडं पेन खिशात ठेवल्यावर.

मला ते मिस्त्री म्हणायला लागले. त्यांच्या लेखी पेन दुरुस्त करणारा कोणी मिस्त्री दर आठवड्याला येत होता. "या मिस्त्री, बसा. चहा घेऊन राहिले का?" पहिल्यांदा मी म्हटलं, "डॉक्टर, मी आहे. रविवारचा." ते सभ्यपणे हसले. "हो हो, रविवारी पण येत जा." दोन-तीनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं. मिस्त्री तर मिस्त्री. एकदा मिस्त्रीलाच त्यांनी सांगितलं, "माझे एक दोस्त आहेत, नकाशे काढतात. त्यांना निबेतलं फार समजतं. आजकाल येत नाहीत." मी पाण्याखाली पेन धरून उभा होतो. "येतील," म्हटलं.

असं साधारण वर्ष गेलं असेल. एका गुरुवारी मी निघालो तेव्हा डॉक्टरांनी माझ्या हातात एक पेन ठेवलं. तेच, तपकिरी लाटांचं. "मिस्त्री, हे घेऊन जा. गळतं. ठीक करून आणा."

वहिनी आत होत्या. मी पेन रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि जिना उतरलो. बसमध्ये छातीवर हात ठेवून बसलो होतो, शेजारच्याने विचारलं, "तबीयत तो ठीक है ना भिया?"

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. निब बसते तिथे बारीक फट होती. थोडं मेण लावून ती बंद केली, टोपणाचा आटा साफ केला, शाई भरून रात्रभर कोऱ्या कागदावर आडवं ठेवलं. सकाळी कागद कोरा होता. पुढच्या गुरुवारी ते परत न्यायचं होतं. नेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नेलं नाही. स्वतःला सांगितलं, तिकडे ते पुन्हा खराबच होणार, इथे जपून तर राहील. आणि वैसे पण ते आधी मी पाहिलं होतं.

मी त्याने लिहायचो. काय लिहिणार? बायकोने सांगितलेली किराण्याची यादी. विजेच्या मीटरचं रीडिंग. अठरा-वीस वर्षं ज्या पेनासाठी झुरलो ते हातात होतं, आणि मला लिहायला काही नव्हतं. निब मऊ होती, रेघ फुलायची, सगळं आठवणीतल्यासारखंच. पण लिहिताना सारखं वाटायचं की आता ते परत मागायला फोन वाजेल.

मग एक गुरुवार आला. मी पेनं पुसून ट्रेमध्ये लावत होतो आणि डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातलं हिरवं पेन हिसकावलं, टोपण उघडून निब डोळ्यांजवळ नेली. "ही माझी निब नाही. तू बदलून राहिलास. दर वेळी एक-एक काढून नेतोस. चोर!"

त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. वहिनी धावत आल्या, त्यांचा दंड धरून त्यांना आत घेऊन गेल्या. डॉक्टर आतूनही ओरडत होते, "पोलिसांना बोलवा, मिस्त्री चोर आहे." थोड्या वेळाने वहिनी बाहेर आल्या. डोळे लाल. "भाऊजी, मनावर नका घेऊ हो. आजार बोलून राहिलाय, ते नाही. तुमच्यासारखं कोण करतं? मी मुलीला सांगते, सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात."

मी मान खाली घालून उरलेली सहा पेनं पुसली. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डॉक्टर आज खूप ओरडले." ती म्हणाली, "मग जाऊ नका आता. तुमचं पण वय झालंच ना." तिला पेनाचं माहीत नव्हतं, तिला माझी सगळी पेनं सारखीच. पुढच्या गुरुवारी जायचं नाही असं मीही ठरवलं, आणि बुधवारी संध्याकाळी फडकी धुवून वाळत घातली.

दिवाळीनंतर डॉक्टरांची मुलगी येणार होती. ती सिंगापूरला असते. तिने आईला फोनवर सांगितलं होतं की बाबांच्या सगळ्या पेनांची एकदा यादी करून ठेव, मग त्यांचं काय करायचं ते ठरवू. यादी होतीच. डॉक्टरांनी एका जाड रजिस्टरमध्ये प्रत्येक पेनाची नोंद केली होती, त्या त्या पेनाने लिहून. वहिनींनी ते टेबलावर ठेवलं. "भाऊजी, मी नंबर वाचते, तुम्ही पेन दाखवा. मला काही ओळखता येत नाहीत."

त्या वाचत गेल्या, मी पेन काढून दाखवत गेलो, त्या खूण करत गेल्या. अठ्ठावन्नपर्यंत आलो. वहिनींनी वाचलं, "इबोनाइट, काळं-तपकिरी. निब मऊ. गळतं."

मी म्हटलं, "बघू जरा." रजिस्टर माझ्याकडे ओढलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांनाही ते माझ्याआधी घेतल्याचं आत कुठेतरी लागून राहिलं असेल. त्या पानावर एवढंच होतं. त्याच मऊ निबेने लिहिलेली एक ओळ, शेवटचा शब्द 'गळतं', खाली पुढचा नंबर सुरू.

"वहिनी, हे माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

"दुरुस्तीला नेलंय का?"

"नेलं होतं. डॉक्टरांनीच दिलं. दुरुस्त होऊन पाच महिने झाले. मी परत आणलं नाही."

वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील आणि ते मला जन्मभर पुरेल. त्यांनी विचारलं, "चांगलं आहे का?"

"आहे."

"मला सगळी एकसारखीच दिसतात हो." त्यांनी हाताने कपाळ चोळलं. "असू द्या मग. एक तर कमी झालं. मी तुम्हाला विचारणारच होते, सगळीच घेऊन जाता का?"

"वहिनी, मी चोरलं होतं ते."

"भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला, "सकाळी पाचला उठले मी. त्यांना आंघोळ घालायला दोन तास लागले. त्यांनी मला दोन चापट्या मारल्या. आता तुमचं पेनाचं मला सांगू नका. एकोणसाठ वाचू का?"

"वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं, मी दाखवलं. एकशे बारापर्यंत गेलो. मग त्यांनी चहा केला, आणि आम्ही दोघांनी घेतला. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या बांगड्यांच्या वर दंडाला पिवळट डाग होता, जुन्या माराचा. कितीतरी गुरुवार मी तो बघितला असणार, पण माझं लक्ष बेसिनकडे होतं.

पुढच्या गुरुवारी मी पेन परत नेलं आणि ट्रेमध्ये इतरांसोबत ठेवलं. डॉक्टरांनी ते उचललं, उलटसुलट केलं, भरलं, अर्धी ओळ लिहिली आणि खिडकीत ठेवून दिलं. ओळखीची एक खूणही चेहऱ्यावर नव्हती. मी ते धुतलं. त्यानंतर कितीतरी वेळा धुतलं. धुताना जुनं काही टोचलं नाही. हलकंही वाटलं नाही. पाठ दुखत होती आणि अजून तीस बाकी होती, एवढंच वाटायचं.

मुलगी आली, आठ दिवस राहिली. तिने चार पेनं नेली. बाकीची मला घ्यायला सांगितली, अगदी मनापासून. "काका, तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?" मी नको म्हटलं. तिला वाटलं मी संकोच करतोय. तिला कसं सांगू की मला पेन नुसतं दिसलं तरी बोटं आखडायला लागली होती. माझ्या कपाटातली मी एक-एक करून रिकामी केली, सुकवली, जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून त्यांत गुंडाळून ठेवली. त्यांतली दोन जवळच्या शाळेतल्या दोघा शिक्षकांना दिली. एक अजून वापरतो म्हणे. मी यादी लिहायला घरात जे सापडेल ते घेतो. बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातून मिळालेलं बॉलपेन असतं.

गुढीपाडवा झाला आणि त्यानंतरच्या एका गुरुवारी मी बाह्या वर करून बेसिनपाशी गेलो, तर ट्रेमध्ये सगळी पेनं मी ठेवली होती तशीच होती. ओळीने, कोरडी. मी खिडकीत बघितलं, पलंगावर बघितलं, फ्रिज उघडला.

"सोमवारपासून हातच नाही लावला," वहिनी म्हणाल्या. "मी समोर ठेवून बघितली. बघतात आणि दुसरीकडे तोंड करतात."

मी सिरिंज डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. मी एक पेन उघडून दिलं. त्यांनी ते मुठीत धरलं, चमचा धरावा तसं, आणि नुसतं धरून बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. दोन वर्षं मनात म्हणत होतो की हे एकदा थांबावं. थांबलं तेव्हा मला उठून घरी जावंसं वाटेना. दुपारपर्यंत बसलो. वहिनींनी खिचडी केली होती, ती डॉक्टरांना मी भरवली. त्यांनी नीट खाल्ली.

पेनं आता पत्र्याच्या कपाटात वरच्या खणात आहेत. धुवून, सुकवून, माझ्या हाताने लावलेली. कुलूप नाही, गरज नाही. मी अजून गुरुवारी जातो. गेल्याबरोबर वहिनी पर्स घेतात आणि बाहेर पडतात. हे कसं सुरू झालं तर, पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, "वहिनी, मी बसलोय, तुम्हाला कुठे जायचं असेल तर जाऊन या." त्या म्हणाल्या, "मला कुठे जायचंय?" आणि आत जाऊन साडी बदलून आल्या.

त्या अडीच तासांनी आल्या. तोपर्यंत डॉक्टर गच्चीत उन्हाला बसले होते, मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो. कुठे पाणी नाही येणार, कुठल्या चौकात रस्ता खोदलाय. ते झोपले तरी मी वाचत राहिलो. वहिनींच्या हातात पिशवी नव्हती, काही खरेदी नव्हती. मी विचारलं, "कुठे जाऊन आलात?"

"कुठे नाही," त्या म्हणाल्या. "राजवाड्याच्या बसमध्ये बसले. खिडकीची जागा मिळाली. तिथे उतरलेच नाही. कंडक्टर म्हणाला, मैडम, लास्ट स्टॉप है. मी म्हटलं, परत जाणार ना तुम्ही? मग मी बसून राहते." त्यांनी चपला काढल्या, पाय चोळले. "पुढच्या गुरुवारी तुम्ही थोडे लवकर याल का? दहापर्यंत?"

मी म्हटलं, येईन. राऊची बस साडेआठला असते.